फ्लॉरेन्स नाइटिंगेल : परिचारिकेची परीक्षा

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेच्या ओसऱ्यांतून पाठांतराचा गुंजारव ऐकूं येऊं लागतो. परीक्षा संपली कीं पुस्तकें कोनाड्यांत जातात, आणि घोकलेलें बहुधा त्यांच्याबरोबरच जातें. बहुतेक विद्यांच्या बाबतींत ह्या विस्मरणानें नुकसान होतें तें ज्याचें त्याचें. परंतु एक विद्या अशी आहे कीं, तींत शिकणारा विसरला तर किंमत दुसऱ्याला द्यावी लागते, आणि ती किंमत कधीं कधीं प्राणांची असते. ती विद्या म्हणजे रुग्णशुश्रूषा. ह्या विद्येला जिनें शास्त्राचें रूप व धंद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या थोर स्त्रीचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हातीं दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी स्त्री हें त्यांचें चित्र पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. परंतु त्या दिव्यापेक्षां त्यांच्या लेखणीनें व आकड्यांच्या कोष्टकांनीं अधिक जीव वांचविले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव तिला ठेवण्यांत आलें. तिचे आईबाप सधन इंग्रज होते. डर्बीशायर परगण्यांत ली हर्स्ट व हॅम्पशायर परगण्यांत एम्ब्ली पार्क अशीं त्यांचीं दोन मोठीं घरें होतीं. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ. त्या काळीं इंग्लंडांतहि मुलींना विद्यापीठाचीं दारें बंद होतीं. तेव्हां त्यांनीं आपल्या दोन्ही मुलींना घरींच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन ह्या भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविलें. थोरली बहीण पार्थिनोपी हिला चित्रकलेची आवड. फ्लॉरेन्सचें मन मात्र गणिताकडे ओढ घेई. मुलीच्या जातीला गणित शिकून काय करावयाचें आहे, असें तिच्या आईस वाटे. ह्या शंकेचें उत्तर पुढें सबंध इंग्लंडास मिळावयाचें होतें.

७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, परमेश्वर आपणास आपल्या सेवेस बोलावीत आहे असा अनुभव तिला आला. ती सेवा कोणती, हें मात्र तिला त्या दिवशीं उमगलें नाहीं. आसपासच्या गरिबांच्या झोपड्यांतून आजाऱ्यांची विचारपूस करतां करतां तिचा निश्चय होत गेला. १८४५ सालीं सॉल्सबरी येथील इस्पितळांत जाऊन शुश्रूषा शिकण्याची परवानगी तिनें आईबापांकडे मागितली. घरांत जणूं वीज कोसळली. आज आम्हांस ह्याचें नवल वाटेल, परंतु त्या काळच्या इस्पितळांची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. दालनें घाणेरडीं, अंथरुणें ओलीं, आणि शुश्रूषा करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित व पोटासाठीं आलेल्या. त्यांपैकीं कित्येक दारूच्या व्यसनांत बुडालेल्या. खानदानी घरची मुलगी अशा जागीं जाणार ह्या कल्पनेनेंच आईला मूर्च्छा येण्याची वेळ आली. परवानगी मिळाली नाहीं.

फ्लॉरेन्सनें आईबापांशीं उघड भांडण केलें नाहीं, पण निश्चयहि सोडला नाहीं. पहाटे सारें घर निजलेलें असतां ती दिवा लावून निरनिराळ्या देशांतील इस्पितळांचे अहवाल वाची, त्यांतील आकडे उतरून घेई, आणि न्याहारीच्या वेळीं सर्वांबरोबर येऊन बसे. अशीं वर्षांमागून वर्षें गेलीं. एका विद्वान व सज्जन गृहस्थानें तिला मागणी घातली, तीहि तिनें नाकारली. शेवटीं १८५१ सालीं जर्मनींत ऱ्हाइन नदीकांठीं कायझरस्वर्ट येथें पाद्री फ्लीडनर ह्यांच्या संस्थेंत तीन महिने राहून शिकण्याची संधि तिला मिळाली. तेथील सेविका पहाटे उठत, साधें खात, आणि आजारी, अनाथ व तुरुंगांतून सुटलेल्या स्त्रिया ह्यांची सेवा करीत. १८५३ सालीं लंडन येथील एका लहानशा स्त्रीरुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेथें तिनें गरम पाणी प्रत्येक मजल्यावर नळानें नेलें, जेवण वर चढविण्यासाठीं पाळणा बसविला, आणि घंटा कोणत्या रुग्णानें वाजविली हें परिचारिकेस जागच्या जागीं कळेल अशी योजना केली. जिन्यावरून खेपा घालण्यांत जाणारा वेळ रुग्णाजवळ जावा, हा त्यांतील हेतु. शुश्रूषा म्हणजे केवळ कनवाळूपणा नव्हे, तर विचारपूर्वक केलेली व्यवस्था, हें तिच्या ह्या पहिल्याच कामांत दिसून येतें.

पुढल्या वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाशीं लढत होते. लढाई काळ्या समुद्राकांठच्या क्रिमिया द्वीपकल्पांत चाले, आणि जखमी व आजारी इंग्रज शिपायांना जहाजांत घालून कॉन्स्टँटिनोपलसमोर बॉस्फरसच्या पलीकडील तीरावर स्कुतारी येथें आणीत. तेथील हालअपेष्टांचीं वर्णनें लंडनच्या टाइम्स पत्रांत येतांच देशभर खळबळ उडाली. सरकारांतील मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सच्या चांगल्या परिचयाचे होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका बरोबर घेऊन ती २१ ऑक्टोबर १८५४ रोजीं निघाली व ४ नोव्हेंबर रोजीं स्कुतारीस पोंचली. तिचें वय त्या वेळीं चौतीस वर्षांचें होतें. येथून पुढें आम्ही त्यांस बाई म्हणूं. कारण येथून त्या केवळ एका घरच्या लेक राहिल्या नाहींत.

स्कुतारीचें इस्पितळ म्हणजे एक अवाढव्य जुनी छावणी होती. खोल्या भरून ओसऱ्यांतूनहि रुग्णांच्या रांगा लागलेल्या, बिछाने अपुरे, कपड्यांत उवा, आणि इमारतीच्या खालीं तुंबलेलीं गटारें. लष्करी डॉक्टरांस ह्या बायकांचें येणें मुळींच रुचलें नाहीं. बाईंनीं आपल्या परिचारिकांस सक्त हुकूम दिला कीं, डॉक्टरांनीं बोलाविल्यावांचून कोणीहि रुग्णाला हात लावावयाचा नाहीं. समोर माणसें कण्हत असतां त्या बायका पट्ट्या शिवीत बसल्या. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईंतील जखमी येऊन थडकले, डॉक्टरांचा निरुपाय झाला, आणि बोलावणें आलें. मग बाईंनीं स्वयंपाकघरें उभीं केलीं, अशक्त रुग्णांसाठीं पथ्याचें अन्न निराळें शिजवूं लागल्या, एक घर भाड्यानें घेऊन शिपायांच्या बायकांकडून कपडे धुवून घेण्याची सोय केली. रात्रीं सर्वत्र सामसूम झाली म्हणजे त्या एकट्या कंदील घेऊन रांगांमधून फिरत. तो कंदील म्हणजे घड्या पडणारा साधा तुर्की कंदील होता. चित्रकारांनीं पुढें त्याचा सुबक दिवा केला.

आतां आम्ही चरित्राच्या त्या भागाकडे वळतों, जो बहुतेक पाठ्यपुस्तकांत वगळलेला असतो. एवढी सेवा चालू असतांहि त्या हिवाळ्यांत स्कुतारीचे मृत्यु कमी झाले नाहींत, उलट वाढले. १८५५ च्या फेब्रुवारींत उपचारासाठीं आलेल्या दर शंभरांमागें सुमारें ४२ रुग्ण दगावले. जखमांनीं मेलेल्यांपेक्षां ज्वर, पटकी व आमांश ह्यांनीं मेलेल्यांची संख्या अनेक पटींनीं मोठी होती. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेलें आरोग्यमंडळ येऊन दाखल झालें. त्यानें गटारें धुवून काढविलीं, मेलेलीं जनावरें उचलविलीं, पाण्याचा मार्ग स्वच्छ केला, भिंतींस चुना दिला व खिडक्या उघडून हवा खेळती केली. जून महिन्यांत तेंच प्रमाण शंभरांमागें सुमारें २ वर आलें.

देशानें ह्या यशाचें श्रेय बाईंच्या दिव्याला दिलें. बाईंनीं तें मुकाट्यानें घेतलें असतें तर कोणीं कांहीं म्हटलें नसतें. परंतु १८५६ च्या ऑगस्टांत त्या मायदेशीं परतल्या त्या शरीरानें खचून, आणि मनांत मेलेल्या शिपायांचा हिशेब घेऊन. सांख्यिकीचे पंडित विल्यम फार ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं एकेका इस्पितळाचे, एकेका महिन्याचे मृत्यु मांडून पाहिले. निष्कर्ष उघड होता. शिपायांस मुख्यतः शत्रूनें मारलें नव्हतें; घाण, दाटी व कोंडलेली हवा ह्यांनीं मारलें होतें. मायेनें केलेली शुश्रूषा गटारावर उभी असेल तर ती माणूस वांचवूं शकत नाहीं, हा कठोर धडा होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या इस्पितळाचा होता. तो त्यांनीं झांकून ठेवला नाहीं, छापून काढला. शांततेच्या काळींहि छावणींतल्या तरुण शिपायांचें मृत्युमान त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट आहे, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. रुक्ष कोष्टकें मंत्री वाचीत नाहींत म्हणून १८५८ सालीं त्यांनीं वर्तुळाकार रंगीत आकृति छापली; तींत टाळतां येण्याजोगे मृत्यु एका दृष्टिक्षेपांत दिसत. त्याच वर्षीं लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुलीला गणित कशाला, ह्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

ह्याच रीतीनें त्यांचें लक्ष आपल्या देशाकडे वळलें. हिंदुस्थानांतील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं १८५९ सालीं एक शाही मंडळ नेमण्यांत आलें. बाईंनीं प्रश्नावली तयार करून ती येथील लष्करी ठाण्यांस पाठविली, आणि आलेल्या उत्तरांचे ढीग आजारपणांत पडल्या पडल्या तपासले. दर हजार शिपायांमागें वर्षास ६९ मृत्यु असें प्रमाण निघालें. १८६३ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला, पाण्याची व निचऱ्याची व्यवस्था सुधारूं लागली, आणि १८७३ सालीं तें प्रमाण १८ वर आलें होतें. पुढें त्यांस कळून चुकलें कीं, शेजारचें खेडें रोगी असतां छावणी निरोगी राहूं शकत नाहीं. तेव्हां त्या दुष्काळ, कालवे व ग्रामारोग्य ह्या विषयांवर लिहूं लागल्या. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्याशीं त्यांचा निकट पत्रव्यवहार होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांनीं पत्रव्यवहार केला. आणि ज्या देशासाठीं त्या इतकीं वर्षें झटल्या त्या देशांत त्यांचें पाऊल एकदांहि पडलें नाहीं.

शुश्रूषेवर त्यांनीं लिहिलेलें लहानसें पुस्तक १८६० च्या आरंभीं बाहेर पडलें. त्यांतील विचार आजहि प्रत्येक घरीं उपयोगी पडण्याजोगे आहेत. रुग्णाला थंडी वाजते, घेरी येते, अंथरुणाला खिळून पाठीवर व्रण पडतात. हे सर्व रोगाचेच दोष असें आपण धरून चालतों. बाई म्हणतात, हे बहुधा शुश्रूषेचे दोष होत. परिचारिकेनें दिवसांतून वारंवार हात धुवावे. रुग्णापाशीं कुजबुजूं नये. त्यानें न खाल्लेलें ताट उशाशीं ठेवून निघून जाऊं नये. रात्रीं झोंप बरी लागली का, असें मोघम विचारूं नये. किती वाजतां लागली, किती तास टिकली व कोणत्या वेळीं मोडली हें विचारावें. कारण मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतें, आणि मोघम उत्तरावर डॉक्टर औषध ठरवितो. त्या पुस्तकांतील एक विचार तर आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आपण हजर असतांना जें करतों, तें आपण हजर नसतांनाहि घडेल अशी तजवीज करणें, हेंच व्यवस्थेचें मर्म. चांगली परिचारिका बाहेर पडली म्हणजे रुग्णाचे तीन तास अनाथ होतां कामा नयेत.

युद्धानंतर कृतज्ञ जनतेनें जमविलेल्या निधींतून १८६० च्या जून महिन्यांत लंडन येथील सेंट टॉमस इस्पितळांत बाईंच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. प्रथम पंधरा उमेदवार स्त्रिया घेण्यांत आल्या, व शिक्षणाची मुदत एक वर्षाची ठरली. प्रत्येकीच्या नांवें महिन्याचें एक पत्रक ठेवीत. त्याच्या एका भागांत वक्तशीरपणा, शांत वर्तन, विश्वासूपणा व स्वच्छता. दुसऱ्या भागांत जखमा धुणें, जळवा लावणें, पट्ट्या बांधणें, बिछाना करणें, रुग्णाचें अन्न शिजविणें आणि रुग्णाचें निरीक्षण. आरंभीं शाळेंत वैगुण्यें पुष्कळ होतीं. १८७२ च्या सुमारास बाईंनीं बारकाईनें चौकशी केली तेव्हां शिकविण्यापेक्षां राबवून घेणेंच अधिक चालतें असें त्यांस आढळलें. मग डॉक्टरांचीं नियमित व्याख्यानें, टिपणें व परीक्षा सुरू झाल्या. ह्या शाळेचें बीज दूरवर पसरलें. १८६५ सालीं अ‍ॅग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या अनाथगृहांतील इस्पितळांत गेल्या व तेथेंच तीन वर्षांत रुग्णांच्या सांथीच्या ज्वरानें निवर्तल्या. १८६८ सालीं ल्यूसी ऑसबर्न ऑस्ट्रेलियांत सिडनीस गेल्या. ह्या तरुण स्त्रियांस बाई घरीं चहाला बोलावीत व वर्षाकाठीं एक लांबलचक पत्र लिहीत. वर्षभरांत जी परिचारिका पुढें सरकली नाहीं ती मागें गेली असें समजावें, हा त्या पत्रांचा नेहमींचा सूर असे.

ह्यानंतर एक मोठा वाद उपस्थित झाला. १८८७ सालीं एथेल बेडफर्ड फेनविक ह्या बाईंनीं परिचारिकांचा संघ स्थापन केला. वैद्यांप्रमाणें परिचारिकांचेंहि नोंदपुस्तक असावें, ठराविक मुदतीचें शिक्षण व परीक्षा पुरी केल्यावांचून कोणाचेंहि नांव त्यांत घालूं नये, अशी त्यांची मागणी होती. कोणीहि बाई अंगावर परिचारिकेचा पोशाख चढवून घरांत शिरावी व लोकांनीं तिच्या हातीं आपला रुग्ण सोंपवावा, ही स्थिति त्यांस असह्य वाटे. सर्वांस वाटलें, नाइटिंगेलबाई ह्या मागणीस उचलून धरतील. त्यांनीं ती कडाडून विरोधिली. त्यांचें म्हणणें असें कीं, परीक्षेनें पुस्तकी ज्ञान मोजतां येतें. विश्वासूपणा, सहनशीलता व जागरूकता हीं मोजतां येत नाहींत. शिवाय वीस वर्षांपूर्वीं उत्तीर्ण झालेली स्त्री आज कशी आहे, हें नोंदपुस्तक सांगत नाहीं. १८९३ सालीं त्या संघास सनद मिळाली, पण बाईंच्या विरोधामुळें तींतील अधिकार बरेच छाटले गेले.

जगानें अखेर दुसऱ्या पक्षाची वाट धरली. न्यूझीलंडांत १९०१ सालीं व इंग्लंडांत १९१९ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे झाले. आपल्या देशांत १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आमच्या अल्प मतीप्रमाणें हें योग्यच झालें. ज्वरानें ग्लानि आलेला रुग्ण समोरच्या परिचारिकेची परीक्षा घेऊं शकत नाहीं. ती त्याच्या वतीनें अगोदरच कोणी तरी घेतलेली असली पाहिजे. तथापि बाईंची भीतिहि खोटी नव्हती. उत्तरपत्रिकेंत औषधाची मात्रा बरोबर काढणारी मुलगी रात्रीं तीन वाजतां बाटलीवरची चिठ्ठी पुन्हां एकदां वाचते कीं नाहीं, हें परीक्षकास दिसत नाहीं. अमेरिकेसारख्या देशांतील परवान्याच्या परीक्षांत आतां नुसत्या व्याख्या विचारीत नाहींत. चार रुग्णांचीं लक्षणें देऊन, प्रथम कोणाकडे धांवावें, असे प्रसंग घालतात. बाईंनीं जी उणीव दाखविली होती ती भरून काढण्याचाच हा प्रयत्न असें आम्ही समजतों. परंतु कागदावर घातलेला प्रसंग तो कागदावरचाच. तेव्हां परीक्षा हें देवडीचें दार. आंत गेल्यावरचा संसार निराळा.

बाईंचें उत्तरायुष्य बहुतेक आजारपणांत, एका खोलींत गेलें. तेथूनच त्यांनीं हजारों पत्रें लिहिलीं. १९०७ सालीं ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांस मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. परंतु तोंवर दृष्टि गेली होती व स्मृतीहि मंद झाली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाचीं नव्वद वर्षें पुरीं झाल्यावर, त्यांनीं देह ठेवला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत राष्ट्रीय थाटानें दफन करण्याची सूचना आली होती, ती कुटुंबीयांनीं नम्रपणें नाकारली. हॅम्पशायरांतील ईस्ट वेलो गांवच्या लहानशा देवळाच्या आवारांत, आईबापांच्या शेजारीं, त्यांस माती मिळाली. शिळेवर पूर्ण नांवहि नाहीं. दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूची नोंद, एवढेंच. त्यांचा जन्मदिवस १२ मे हा आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

ह्या चरित्रांत दोष नाहींत असें नाहीं. बाई हट्टी होत्या, सहकाऱ्यांकडून बेसुमार काम घेत, आणि रोगजंतूंचें नवें शास्त्र आलें तेव्हां तें त्यांनीं चटकन् स्वीकारलें नाहीं, पुढें स्वीकारलें. परंतु आपल्याच इस्पितळांतील मृत्यु मोजून, त्यांतून निघालेला कडू निष्कर्ष जगापुढें मांडण्याचें धैर्य किती जणांस असतें? रुग्णाच्या जिवाला ज्यामुळें धोका पोंचला ती चूक लपविणें, ही त्या चुकीहून मोठी चूक, हें परिचारिकेच्या विद्येचें पहिलें कलम म्हटलें पाहिजे.

आमच्या विद्यार्थिनींपैकीं कांहीं जणी पुढें ह्या मार्गानें जातील. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, परीक्षेची तयारी मन लावून करा. नाडीचे ठोके, औषधांच्या मात्रा व जंतुनाशाचे नियम तोंडपाठ असूं द्या. पण हें सर्व एका अनोळखी माणसाच्या उशाशीं बसण्यासाठीं शिकत आहोंत, ही जाणीव सुटूं देऊं नका. आणि पालकांस आमची विनंति अशी. आपल्याकडेहि एके काळीं ह्या धंद्यास नाक मुरडीत, आणि अजूनहि कोठें कोठें मुरडतात. तुमची लेक उद्यां हीच परवानगी मागूं लागली, तर एम्ब्ली पार्कच्या त्या घराची आठवण करा. त्या घरानें परवानगी नाकारली तीं वर्षें फ्लॉरेन्सचीं एकटीचीं वायां गेलीं नाहींत. न जाणों किती आजाऱ्यांचीं गेलीं.